परक्या पानात घुसलेली पोरं

माझं पोट कंपन्यांच्या विलीनीकरणावर चालतं. एक कंपनी दुसरीत गेली की कुणाचं कर्ज कुणाच्या वहीत जायचं, कुठल्या नावाची किंमत किती धरायची, गोदामात पडून राहिलेला माल कुणाच्या गळ्यात मारायचा, हे कागदावर बसवून देणं हा माझा धंदा. ऑफिसातल्या पोरांना वाटतं, मॅडमचा जुन्या ब्रिटिश कॉमिक्सचा नाद हा या रुक्ष कामावरचा उतारा असणार. उतारा कसला! तिथेही विलीनीकरणच आहे. फक्त मशिनरी आणि देणेकऱ्यांच्या जागी एक काळानिळा डोळा झालेला पोरगा, एक साप आणि एक माजोरडा श्रीमंत मुलगा या घरातून त्या घरात जातात.

एका कॉमिकमधलं पात्र दुसऱ्यात जाणं म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिकन सुपरहिरो येतात. तिकडे त्याचा केवढा गाजावाजा. सहा महिने आधीपासून जाहिराती, मग जग वाचवायला सगळे एका चौकटीत. ब्रिटनच्या आठवड्याच्या विनोदी कॉमिक्समध्ये असलं काही नव्हतं. तिथली पात्रं एकमेकांच्या पानात गेली ती बहुतेक वेळा हिशेब जुळत नव्हता म्हणून. आणि एका कॉमिकमध्ये मात्र चक्क घुसखोरी करायला. माझा जीव त्या घुसखोरीवर आहे, पण आधी हिशेबाचं सांगते, कारण त्याशिवाय घुसखोरीची गंमत कळत नाही.

'बस्टर' घ्या. पहिल्या अंकावर तारीख २८ मे १९६०. मुखपृष्ठावरचा पोरगा बस्टर, डोक्यावर चौकड्यांची टोपी. नावाखाली चक्क लिहिलेलं असायचं की हा अँडी कॅपचा मुलगा. अँडी कॅप म्हणजे 'डेली मिरर'मधला रेज स्माइदचा आळशी, पब आणि कबुतरांच्या शर्यतीत रमणारा नवरा. तो १९५७ पासून मोठ्यांच्या वर्तमानपत्रात छापला जात होता. त्या चित्रपट्टीत अँडी आणि त्याची बायको फ्लो भांडताना दिसतात, पोर कुठे दिसत नाही. मग हा मुलगा आला कुठून? आला ताळेबंदातून. १९५९ मध्ये मिररवाल्यांनी अमॅल्गमेटेड प्रेस ही जुनी मासिकं-कॉमिक्सची कंपनी विकत घेऊन तिचं नाव फ्लीटवे केलं. आता वर्तमानपत्र आपलं, कॉमिकही आपलं, तर वर्तमानपत्रातल्या चालत्या नावाचा फायदा कॉमिकला का नको? बापाची टोपी मुलाच्या डोक्यावर घातली आणि झाला वारस तयार. पुढे बस्टर स्वतःच्या पायावर उभा राहिला तशी बापाची ओळख हळूच गळून पडली. टोपी तेवढी राहिली. ती टोपी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्यानंतरच्या तीस वर्षांत या लंडनच्या मंडळींनी, म्हणजे फ्लीटवे आणि पुढे आयपीसी या कंपनीने, एक पद्धतच बसवली. नवं कॉमिक वाजतगाजत काढायचं. सुरुवातीला सोबत काहीतरी फुकट खेळणं द्यायचं. वर्ष-दोन वर्षांत खप घसरला की ते दुसऱ्या, बऱ्या चाललेल्या कॉमिकमध्ये विलीन करायचं. त्या धंद्यातले लोक याला 'हॅच, मॅच अँड डिस्पॅच' म्हणायचे. आपण बारसं, लग्न आणि तेरावं म्हणू. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र सुतक कधीच नाही. 'दोस्तांनो, आत मोठी आनंदाची बातमी!' असं काहीतरी ठळक अक्षरांत. आत बघावं तर पुढच्या आठवड्यापासून तुमचं कॉमिक दुसऱ्याच्या घरी. तिकडचे जुने वाचक अजून थट्टा करतात, मुखपृष्ठावर आनंदाची बातमी दिसली की पोटात गोळा यायचा.

जोडनावाचंही ठरलेलं. १९७४ च्या जूनमध्ये 'कॉर!!' हे कॉमिक 'बस्टर'मध्ये गेलं तेव्हा मुखपृष्ठावर दोन्ही नावं आली. मग काही महिन्यांत दुसरं नाव बारीक होत जायचं, आणि एके दिवशी दिसेनासं व्हायचं. लग्नानंतर काही दिवस दोन आडनावं लावणाऱ्या आणि मग सोयीसाठी एकच ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणी मला आठवतात. रेशनकार्डावर एक, बँकेत एक, आणि शेवटी सासरचंच.

यात पात्रांचं काय होत असेल? दोन कॉमिक्सच्या मिळून पट्ट्या दुप्पट, पानं तेवढीच. तेव्हा वाचकांकडून कूपनवर आवडीच्या पट्ट्यांचे क्रमांक मागवायचे आणि तळाच्या पट्ट्यांना घरचा रस्ता दाखवायचा. तरीही काही ठिकाणी अडचण व्हायची, कारण याच कंपनीने एकच विनोद दोन कॉमिक्समध्ये दोनदा विकलेला असायचा. याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'कॉर!!'मधली आयव्हर लॉट आणि टोनी ब्रोक ही जोडी. नावं मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे कोण श्रीमंत आणि कोण कफल्लक ते कळेल. आयव्हर प्रत्येक वेळी पैशाचा तोरा मिरवणार, टोनी शेवटच्या चौकटीत त्याची जिरवणार. रेग पार्लेटने ती फार सुरेख काढली. त्याचे धावणारे पाय बघितले की आपणच धापा टाकायला लागतो. १९७९ मध्ये 'जॅकपॉट' नावाचं नवं कॉमिक निघालं, त्यात मिली ओनेअर आणि पेनी लेस. म्हणजे तोच विनोद, फक्त मुली. १९८२ च्या सुरुवातीला 'जॅकपॉट'ही 'बस्टर'मध्ये आलं. आता एकाच अंकात एकच विनोद दोन पानांवर कसा चालवणार? संपादकांनी काय करावं? दोन्ही पट्ट्या एकत्र करून टाकल्या. मिली आयव्हरची मैत्रीण झाली, पेनी टोनीची. श्रीमंत श्रीमंतात, गरीब गरिबात, अगदी पत्रिका जुळवल्यासारखं. पट्टीचं नाव मात्र एवढं लांबलं की मथळ्यालाच वेगळी ओळ लागावी.

मी रोज अशा फायली बघते. दोन शाखा, एकच गिऱ्हाईक, एक बंद करा. पण त्यातून चौघांची धमाल पट्टी निघालेली माझ्या एकाही फायलीत नाही.

फ्रँकी स्टाइनची कुंडली तर याहून वळणाची. हा प्रेमळ, अवाढव्य राक्षस केन रीडने १९६४ साली 'व्हॅम!' या ऑडम्स कंपनीच्या कॉमिकात जन्माला घातला. त्याचा बाप प्रोफेसर क्यूब पोराला नकोनको म्हणत घालवून द्यायला बघतो, आणि हे येडं बापावर जीव टाकतं. 'व्हॅम!' बंद पडलं. पुढे १९७३ मध्ये तो 'शिव्हर अँड शेक'मध्ये दुसऱ्या चित्रकाराच्या हातून परत आला, तिथून 'व्हूपी!'मध्ये गेला. आणि १९७५ मध्ये 'मॉन्स्टर फन' निघालं तेव्हा पठ्ठ्या थेट तिथला मानद संपादक म्हणून मिरवला. एका कॉमिकात नोकरी आणि दुसऱ्यात संचालक. आमच्या कायद्यात याला जाहीर करावं लागतं.

आता घुसखोरी.

'व्हिझर अँड चिप्स' १८ ऑक्टोबर १९६९ ला सुरू झालं. एकाच्या किमतीत दोन कॉमिक्स अशी त्याची टूम. बाहेरची पानं 'व्हिझर', आणि मधोमध, पिना सोडवून अख्खं बाहेर काढता येईल असं, स्वतःच्या मुखपृष्ठासकट 'चिप्स'. आणि ही दोघं एकमेकांची कट्टर दुश्मन. 'व्हिझर'चे वाचक ते व्हिझ-किड्स, त्यांचा म्होरक्या सिड, ज्याने स्लिपी नावाचा भलामोठा साप पाळलाय. 'चिप्स'चे वाचक ते चिप-आइट्स, त्यांचा म्होरक्या शायनर, ज्याच्या नशिबी पानाच्या शेवटी एक डोळा काळानिळा होणं लिहिलेलं. 'व्हिझर'च्या पानांत बजावलेलं असायचं की मधलं भिकार कॉमिक वाचायची काही गरज नाही. 'चिप्स'मध्ये उलट. मालक एक, छापखाना एक, कागदही एकच. किंमत देऊन दोन्ही घरी आणलेली. तरी पोरं हिरिरीने बाजू घेत.

मग सुरू झाल्या धाडी. एखाद्या आठवड्यात 'चिप्स'मधलं एखादं पात्र 'व्हिझर'च्या एखाद्या पट्टीत गुपचूप शिरायचं. गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही. कुठल्या तरी चौकटीच्या कोपऱ्यातून डोकावायचं, बस. पुढच्या खेपेला 'व्हिझर'वाले उट्टं काढणार. वाचकाने तो घुसखोर शोधायचा. म्हणजे बघा, नेहमी दोन मिनिटांत वाचून टाकायचं पान आता पोरगं नाक लावून बघणार. मागच्या भिंती, झाडं, गर्दीतले चेहरे. संपादकाला फुकटात दुप्पट वाचन मिळालं. पण हिशेब सोडा, गंमत म्हणून हे फार वरच्या दर्जाचं आहे, कारण घुसखोराला काही सांगायचं नसतं. तो जग वाचवायला आलेला नाही, मैत्री करायला आलेला नाही. तो फक्त नको तिथे आहे, आणि तेवढाच विनोद.

ही कॉमिक्स माझ्याकडे आली आत्यामुळे. आत्या लेस्टरला, मी ठाण्याला. ती दोनेक वर्षांनी यायची तेव्हा बॅगेत कपड्यांच्या खाली आतेभावाने वाचून टाकलेल्या अंकांचा गठ्ठा असायचा. वरच्या कोपऱ्यात पेपरवाल्याने पेन्सिलीने घातलेला त्यांचा घर नंबर. मी ते अंक पाठ होईपर्यंत वाचले. आणि मला कळायचं नाही की हे लोक सारखे ज्या 'चिप्स'ला शिव्या घालतात ते 'चिप्स' आहे तरी कुठे. नावात आहे, भांडणात आहे, पानात नाही. एका अंकात तर स्पष्ट लिहिलेलं, आज एक चिप-आइट आपल्यात शिरलाय, पकडा. मी शोधून काढला. कुंपणाच्या फळ्यांमागे एक पोरगा, एक डोळा काळा. पण तो कोण, कुठला, त्याचं घर कुठलं? माझ्या दृष्टीने तो जगाबाहेरून आला होता. शाळेत सांगायची सोय नव्हती, कारण वर्गात सगळे 'चांदोबा' आणि 'किशोर'वाले.

उलगडा झाला तो मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा लेस्टरला गेले तेव्हा. जेवताना सहज विषय काढला तर आतेबहीण हसायलाच लागली. अंक दर आठवड्याला पायपुसण्यावर पडला की दोघं पिना उचकटून वाटणी करायचे. भाऊ व्हिझ-किड, बहीण चिप-आइट. भावाचा वाटा पोचायचा ठाण्याला, बहिणीने तिचा कुणाला हातही लावू दिला नाही. चॉकलेटच्या मोठ्या डब्यात भरून माळ्यावर. तो डबा खाली आला. मी पुढच्या खेपेला माझे अंक विमानातून परत लेस्टरला नेले (सामानात वजन जास्त झालं आणि मी लोणच्याची बरणी काढून ठेवली, यावरून आई अजून बोलते). दिवाणखान्याच्या गालिच्यावर आम्ही तिघं बसलो जोड्या लावत. तारीख बघून लावणं सोपं, पण सगळ्यांवर तारीख शाबूत नव्हती. काही ठिकाणी पिनेच्या गंजाचे दोन डाग मदतीला आले. 'व्हिझर'च्या मधल्या घडीवरचे दोन तांबूस ठिपके आणि 'चिप्स'च्या घडीवरचे दोन, एकावर एक ठेवून बसले की अंक पुरा. कुंपणामागच्या त्या पोराचं घर मला तेव्हा सापडलं. स्वतःच्या मुखपृष्ठावर, ऐटीत, शायनर.

आणखी एक गोष्ट मला पुढे कळली, जी बहीणभावाला सांगितल्यावर दोघंही थोडे नाराज झाले. सिडचा साप आणि शायनर, या दोन्ही पट्ट्या काही वर्षं माइक लेसी या एकाच चित्रकाराच्या हातच्या. दोन्ही फौजांचे सेनापती एकाच टेबलावर तयार होत होते. सकाळी सिड, दुपारी शायनर. माणूस आतल्या आत कुणाच्या बाजूने असेल?

लंडनच्या याच कंपनीचा 'चीकी' हाही एक वेगळाच नमुना. तो मूळचा 'क्रेझी' कॉमिकमधला, दात पुढे आलेला, येता-जाता फालतू कोट्या करणारा पोरगा. इतका चालला की १९७७ मध्ये त्याला स्वतःचं 'चीकी वीकली' मिळालं. तो अख्खा अंकच एका माणसाचा आठवडा. रविवारपासून शनिवारपर्यंत चीकी गावातून हिंडतो, कोणी भेटतो, काहीतरी बघतो किंवा वाचतो, आणि त्या निमित्ताने दुसऱ्या पट्ट्या मध्ये येतात. म्हणजे सुटी सुटी पानं एका दोऱ्यात ओवलेली. मागच्यांनी एवढा विचार क्वचितच केला होता. 'क्रेझी' १९७८ मध्ये 'व्हिझर अँड चिप्स'मध्ये गेलं, पोरगं मात्र आईपेक्षा जास्त जगलं. १९८० मध्ये तेही 'व्हूपी!'त गेलं, 'व्हूपी!' १९८५ मध्ये 'व्हिझर अँड चिप्स'मध्ये, आणि ते १९९० मध्ये 'बस्टर'मध्ये. आता या साखळीचा आराखडा काढला तर माझ्या ऑफिसच्या फळ्यावर मावणार नाही. सगळ्या नद्या शेवटी 'बस्टर'ला.

डंडीकडे हवा वेगळी. स्कॉटलंडमधल्या या गावातली डी. सी. थॉमसन कंपनी म्हणजे 'डँडी' (डिसेंबर १९३७) आणि 'बीनो' (जुलै १९३८) यांचं घर. ही मंडळी सावकाश चालणारी. त्यांची कॉमिक्स पन्नास-पन्नास वर्षं टिकली, त्यामुळे लग्नं लावायची वेळच कमी आली. 'बीनो'तला वात्रट, काटेरी केसांचा डेनिस आपल्या पानात, तशीच वात्रट मिनी आपल्या पानात, बॅश स्ट्रीट शाळेतली टोळी आपल्या वर्गात. दोन पानांमधली घडी म्हणजे गावाची वेस. ही सगळी एकत्र दिसायची ती बहुतेक वार्षिकाच्या मुखपृष्ठावर आणि विशेष अंकांत. १९६३ मध्ये तर 'डँडी' आणि 'बीनो' यांचा मिळून एक उन्हाळी विशेषांक निघाला होता. रोजच्या अंकात तसं नाही. अपवाद लॉर्ड स्नूटीचा. डडली वॉटकिन्सच्या या छोट्या उमरावाची पट्टी १९५० मध्ये मध्यंतरानंतर परत सुरू झाली तेव्हा त्याच्या टोळीत नवे भिडू आले. त्यातले काही, डाउटिंग थॉमस, स्वँकी लँकी लिझ वगैरे, आधी स्वतःची पट्टी असलेले होते. आपलं दुकान बसलं की मोठ्या दुकानात नोकरी. त्यात गैर काय?

पुढे या कंपनीवरही वेळ आलीच. बनानामॅन बघा. एरिक केळं खातो आणि बलदंड पण अकलेने जेमतेम असा वीर होतो. १९८० मध्ये 'नटी'च्या पहिल्या अंकात आला, 'नटी' बंद पडल्यावर १९८५ ला 'डँडी'त, आणि 'डँडी'ची छापील आवृत्तीच शेवटाला लागली त्या २०१२ मध्ये 'बीनो'त. माणसाच्या डोक्यात राहून त्याला चालवणारे नमस्कल्स १९६२ मध्ये 'बीझर'मध्ये सुरू झाले. १९९० मध्ये 'बीझर' आणि 'टॉपर' एक झाले, तेही १९९३ मध्ये आटोपल्यावर हे चिमुकले 'बीनो'त आले. जाताना जुन्या मालकाचं डोकं सोडून नवीन डोकं घेतलं, हे मात्र मला जरा खटकतं. भाडेकरू बदलतात, इथे घरच बदललं.

आणि हल्लीचा 'बीनो' वाचला तर सगळेच एका गावात राहतात, बीनोटाउन. डेनिस, मिनी, रॉजर, सगळे शेजारी, बॅश स्ट्रीटच्याच शाळेत. नकाशे आहेत, दुकानांची नावं आहेत. आजच्या मुलांना हे आवडतं, माझ्या भाचीला फारच आवडतं, तिच्याशी मी वाद घालत नाही. पण माझं मत सांगायचं तर यात भेटीची मजाच गेली. ज्यांची रोज गाठ पडते ते पाहुणे कसले? मिनीने डेनिसच्या पानात पाय टाकला तर आता कुणी दचकत नाही. शायनर सिडच्या पानात दिसला की दचकायला व्हायचं, कारण मध्ये दोन पिनांची का होईना, पण सीमा होती आणि ती ओलांडायला बंदी होती. खोटी होती, पैसे काढायला घातलेली होती, पण होती.

या सगळ्यात चित्रकारांना कुणी विचारलं नाही हेही सांगितलं पाहिजे. पात्र कंपनीचं, चित्रकाराला पानामागे पैसे. डंडीला सही करायचीही मुभा नसायची, वॉटकिन्ससारखा एखादाच सुटलेला. लिओ बॅक्सेंडेलने मिनी द मिंक्स आणि १९५४ मध्ये बॅश स्ट्रीटची टोळी उभी केली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी सोडली. टोळी डंडीलाच राहिली. मग लंडनला जाऊन त्याने ऑडम्ससाठी 'व्हॅम!' उभारलं आणि त्यात 'टिडलर्स' नावाचा एक वर्ग काढला. तीच वात्रट पोरं, तेच हैराण मास्तर, नावं नवी. पात्राला सीमा ओलांडता येईना म्हणून हातानेच ओलांडली. पुढे त्याने आपल्या पात्रांच्या हक्कासाठी डी. सी. थॉमसनशी सात वर्षं दावा लढवला. १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. अशा तडजोडीच्या कागदाला किती शून्यं असतील याचा मी सवयीने अंदाज करत बसते.

लंडनच्या मालाचं पुढे काय झालं ते सांगते. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीने या जुन्या कॉमिक्सचा मोठा हिस्सा विकत घेतला, उरलेला बराचसा २०१८ मध्ये. २०१९ ला त्यांनी 'कॉर!!' आणि 'बस्टर' ही नावं एकत्र लावून विनोदी विशेषांक काढला. म्हणजे १९७४ चं ते लग्न पंचेचाळीस वर्षांनी परत लावलं. मी मागवला, वाचला. चित्रं देखणी आहेत, कागद तर गुळगुळीत. पण सगळी जुनी मंडळी एकमेकांशी फारच आदराने वागतात असं वाटलं. सगळ्यांचा मालक एक हे त्यांना कुणीतरी सांगून टाकलंय.

म्हणून मी परत परत 'बस्टर'च्या शेवटच्या अंकाकडे जाते. तारीख ४ जानेवारी २०००. तोपर्यंत आत बहुतेक जुन्याच पट्ट्या पुन्हा छापत होते, साप्ताहिकाचं पाक्षिक झालं होतं. शेवटचं पान जे. एडवर्ड ऑलिव्हरला दिलं. हा भला माणूस कोपऱ्याकोपऱ्यात बारीक अक्षरांत विनोद कोंबणारा. त्याने एका पानात सगळ्यांचे शेवट उरकले, कोणाचं काय झालं ते. चाळीस वर्षांत ज्या ज्या बुडत्या कॉमिकातून माणसं इथे आश्रयाला आली त्यांच्या वारसांना एकाच पानावर निरोप. आणि बस्टरने, बापाकडून घेतलेली ती टोपी जन्मात पहिल्यांदा काढली. आत केस. काळे, उभे, काटेरी, डंडीच्या डेनिसचे. हुबेहूब.

लंडनच्या पोराच्या डोक्यावर चाळीस वर्षं डंडीचा माल लपवून ठेवलेला! दोन मालक, दोन शहरं, कुठलाही करार नाही, कागद नाही, परवानगी मागितली असेल असंही वाटत नाही. ही खरी धाड. आतेबहिणीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं की बघ, चिप-आइट्सनी शिकवलेलं वाया गेलं नाही. आतेभावाचं म्हणणं, बस्टर मुळात मनाने व्हिझ-किड होता. डंडीवाल्यांनी हरकत घ्यायची म्हटली असती, तर दिलगिरी छापायला पुढचा अंकच नव्हता.